पीटाचा पाय कुठे गेला?

‘द हंगर गेम्स’ वाचलेल्या मित्रांना विचारलं, पीटाचा एक पाय कृत्रिम आहे, आठवतं? बहुतेकांना आठवेना. २००८च्या कादंबरीत शेवटी त्याचा पाय कापावा लागतो. २०१२च्या सिनेमात ते गाळलंय. पण सगळा दोष सिनेमाचा नाही. पँटखाली पाय दिसत नाही, पुढच्या भागांत उल्लेख तुरळक, मग वाचक त्याला धडधाकट धरून चालतो. म्हणून डेटा कोड करताना ‘उल्लेख नाही’ आणि ‘अपंगत्व नाही’ हे रकाने वेगळे ठेवा.

कॅटनिसचा स्फोटात बहिरा झालेला डावा कान कॅपिटॉलचे डॉक्टर बरा करतात, विषय संपतो. माझ्याही डाव्या कानाला कमी ऐकू येतं. लॅबमध्ये दोनदा सांगून झालंय. तरी सगळे डावीकडूनच बोलतात, आणि मी नुसती मान हलवते.