कटुतेचे निराकरण : ख्रिस्ती श्रद्धा आणि मानसशास्त्रीय दृष्टी

प्रस्तावना :
अन्यायाची जाणीव दीर्घकाळ मनात साचली म्हणजे तिचे रूपांतर कटुतेत होते. राग प्रसंगापुरता असतो. कटुता मात्र स्वभावाचाच भाग होऊ पाहते. तिच्या निराकरणाचा विचार प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक यांच्या उदाहरणाने केला आहे.

कटुतेचे स्वरूप :
जर्मन मनोविकारतज्ज्ञ मायकेल लिंडन यांनी २००३ मध्ये आघातोत्तर कटुता-विकाराची संकल्पना मांडली. अन्याय्य वाटणाऱ्या घटनेनंतर व्यक्ती तोच प्रसंग पुनःपुन्हा आठवत राहते आणि असहाय होते. बायबलमधील इब्री लोकांस पत्रात (१२:१५) कटुतेला मुळाची उपमा दिली आहे. ते वाढल्यास इतरांनाही बाधते.

क्षमेची प्रक्रिया :
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी क्षमेचे चार टप्पे सांगितले आहेत : दुखावल्याची कबुली, क्षमेचा निर्णय, अपराध्याकडे माणूस म्हणून पाहण्याचा प्रयत्न आणि दुःखातून अर्थाचा शोध. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, अन्यायाचे समर्थन नव्हे आणि समेटाची सक्तीही नव्हे. इफिसकरांस पत्र (४:३१-३२) कटुता सोडण्यास सांगते. देवाने आधी क्षमा केली, हा त्यामागील आधार होय. म्हणजे श्रद्धा क्षमेस प्रेरणा देते, तर मानसशास्त्र तिचा क्रम दाखवते.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण :
कोकणात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद मानवनिर्मित आहे, ही जाणीव त्यांना क्रमाने झाली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुःख भोगले गेले, मग पतीचा सहवास स्वीकारला गेला आणि त्यानंतर श्रद्धा आली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा हट्ट व विक्षिप्तपणा लपविलेला नाही, तरीही कथनात विनोद आहे, विखार नाही. पतीचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केले.

निष्कर्ष :
दुखावलेल्या व्यक्तीस तत्काळ क्षमा करण्याचा उपदेश केल्यास तिचे दुःख दडपले जाते व कटुता अधिक खोल जाते. विद्यार्थ्यांचे समुपदेशन करणाऱ्या प्राध्यापकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आधी ऐकून घेणे, मग अवधी देणे आणि निर्णय त्या व्यक्तीवर सोपविणे, हाच श्रद्धा व शास्त्र या दोहोंस मान्य होणारा मार्ग आहे.