इन्व्हर्टरची बॅटरी : थोडी निगा, मोठी बचत

इन्व्हर्टर घेताना आपण किमतीसाठी भरपूर घासाघीस करतो. नंतर मात्र बॅटरी कोपऱ्यात पडते आणि तिच्याकडे कोणी फिरकत नाही. ती लवकर बसली की दोष विकणाऱ्याच्या माथी! पुष्कळदा खरे कारण आपल्याच दुकानात असते.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यांत शिशाच्या प्लेटी व पातळ केलेले गंधकाचे अ‍ॅसिड असते. वीज खर्च झाली की प्लेटींवर सल्फेटचा थर चढतो, चार्जिंग झाले की उतरतो. बॅटरी उतरलेलीच पडून राहिली तर हा थर कडक होतो व पुढे निघत नाही. आगीच्या भीतीने रात्री मेन स्विच बंद करणाऱ्यांची बॅटरी अशीच अर्धपोटी राहते. जाणकार वायरमनकडून इन्व्हर्टरची लाईन वेगळी करून घ्यावी.

आता हिशेब पाहा. 150 एएचची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे 75 एएच. दिवे-पंखे मिळून 100 वॅट असतील, तर सुमारे 10 अँपिअर लागतात. म्हणजे सात तास चालेल. चार्जिंग एक दशांशाने, म्हणजे 15 अँपिअरने व्हावे. शेवटचा भाग सावकाश भरतो, म्हणून सात-आठ तास धरावेत. चार्जिंग थांबवून काही तासांनी, भार नसताना, मीटरवर 12.7 व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी.

चार्जिंगमध्ये फक्त पाणी उडते, अ‍ॅसिड नाही. म्हणून दरमहा पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाच्या पाण्यातील क्षार प्लेटी खराब करतात. वरून अ‍ॅसिड तर कधीच घालू नये.

चार्जिंग होताना स्फोटक हायड्रोजन वायू निघतो. जागा हवेशीर ठेवा. बिडी, अगरबत्ती दूर ठेवा. कापडाचे तागेही लांब हवेत. अ‍ॅसिडचा थेंब सुती कापडावर पडला, तर भोक कधी कधी धुतल्यावरच दिसते आणि गिऱ्हाईक तुटते. डोळ्यात उडाल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन तात्काळ डॉक्टर गाठावा.

जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्या. 2022 च्या नियमांनुसार ती भंगारात टाकायची नाही. घराजवळ शिसे वितळवणे तर मुलांच्या मेंदूला घातक आहे. चार पैशांच्या शिशापायी लेकरांशी हा सौदा कोणी करू नये.