कांस्याचे प्राणी आणि श्रद्धेची दृष्टी

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातील सर्पोद्यान पाहून आलेले एखादे बालक धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारते, "सापाने हव्वेला फसविले, मग मोशेने सापच उंच का उभारला?" या प्रश्नाचा विचार करताना प्राचीन रोमन लोकांच्या कांस्य प्राणिमूर्ती आपणांस साहाय्यभूत ठरतात.

रोमन लोक घरातील देव्हाऱ्यात लहान कांस्यमूर्ती ठेवीत. गरुड हे जुपिटरचे, तर घुबड मिनर्व्हाचे चिन्ह. मर्क्युरीसोबत कोंबडा, मेंढा व कासव दिसतात. नवस फेडण्यासाठीही मंदिरांत प्राणिमूर्ती अर्पण होत. हे जग आपल्यापासून फार दूर नव्हते. कात्रज घाटापलीकडे, कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीवर 1944-45 च्या सुमारास मिळालेल्या कांस्यवस्तूंत समुद्रदेवाची रोमन मूर्ती होती आणि हत्तीवर आरूढ स्वारांचे भारतीय शिल्पही होते.

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने प्राणिचिन्हे सरसकट टाकून दिली नाहीत. त्यांना नवा अर्थ दिला. इ.स. 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट यांनी ख्रिस्ती लोकांच्या मुद्रेच्या अंगठीवर मूर्तींऐवजी कबूतर, मासा अशी चिन्हे असावीत, असे सुचविले. मर्क्युरीचा तोच कोंबडा आपणांस संत पेत्राचा नकार आणि त्याचे अश्रू यांची आठवण देतो.

आता बालकाच्या प्रश्नाकडे वळू. मोशेने उभारलेल्या धातूच्या सर्पाकडे पाहणारे वाचले (गणना 21). बरे करणारा परमेश्वर होता. सर्प केवळ खूण होता. प्रभू येशूने हीच खूण स्वतःच्या क्रुसाला लावली (योहान 3:14). परंतु पुढे लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). सर्प तोच होता. पाहणाऱ्यांची दृष्टी बदलली होती.

वांद्र्याच्या मोत माउलीला आपण मेणाचे हात, पाय, घरे अर्पण करतो. ही भक्ती निंद्य नव्हे. मात्र मेण वाहून आपण परमेश्वराशी व्यवहार पूर्ण केला असे मानले आणि अंतःकरण तसेच राहिले, तर आपल्याही हाती तोच फोडण्याजोगा सर्प उरतो. खूण बोट दाखविते. पाहावयाचे असते ते बोटापलीकडे. आपल्या बालकांना आपण एवढे जरी शिकविले, तरी त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळेल.