एचआयव्ही सेवेतील एकत्रित प्रशिक्षण : का आणि कसे?

रुग्णालयाच्या जमाखर्चात ‘कर्मचारी प्रशिक्षण’ या शीर्षाखाली दिसणाऱ्या रकमेतून नेमके काय साधते, अशी पृच्छा हितचिंतकांकडून होत असते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समुपदेशक आणि सफाई कर्मचारी यांना एचआयव्हीविषयी एकाच वर्गात बसवून का शिकवावे, हा प्रश्नही त्यांतलाच. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ साली प्रथम आढळला. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत एआरटी औषधे देण्यास प्रारंभ केला. पहिल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. २०१७ पासून निदान होताच प्रत्येक बाधिताला औषधे सुरू करण्याचे धोरण आले. नियमित औषध घेणारी व्यक्ती आज दीर्घायुष्य जगू शकते. परंतु जो रुग्ण जन्मभर औषध घेणार, तो एका डॉक्टरचा रुग्ण राहत नाही. तो अनेक विभागांतून, अनेकांच्या हातांतून जातो. आणि दोन हातांमधल्या जागेतच त्याचा उपचार निसटण्याचा धोका असतो.

एक उदाहरण पाहू. बाधित गर्भवतीला एआरटीमध्ये डोल्युटेग्राव्हिर हे औषध मिळते. प्रसूतिपूर्व तपासणीत तिला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या जातात. रिकाम्या पोटी या गोळ्या एकत्र घेतल्यास डोल्युटेग्राव्हिर शरीरात पुरेसे शोषले जात नाही. ते दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे, अथवा सर्व गोळ्या जेवणासोबत घ्याव्यात. यात कोणाचेच औषध चुकीचे नसते. मात्र परिचारिका, औषधनिर्माता आणि समुपदेशक यांनी एकच गोष्ट सांगितली नाही, तर बाळाच्या संरक्षणात उणीव राहते.

क्षयरोगाचेही तसेच आहे. एचआयव्हीबाधितांमध्ये क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यावरील रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून बारा तासांच्या अंतराने ५० मि.ग्रॅ.ची आणखी एक मात्रा द्यावी लागते. क्षयरोग विभाग आणि एआरटी विभाग परस्परांशी बोलत असतील, तरच ती वेळेवर मिळते.

तिसरा विषय सुरक्षिततेचा. बाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन असते. जखम साबण-पाण्याने धुऊन, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत प्रतिबंधक औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यावयाचे असते. सुई अनेकदा टोचते ती कचरा उचलणाऱ्या हाताला. त्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांपुढे बोलण्याची भीती वाटली, तर हे मोलाचे तास वाया जातात. एकाच वर्गात डॉक्टरांशेजारी बसून शिकलेली सफाई सेविका असा प्रसंग लपवीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आपल्या आराखड्यात अशा शिक्षणाचे वर्णन केले आहे. दोन वा अधिक व्यवसायांतील व्यक्तींनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसह शिकणे, असा त्याचा आशय आहे. म्हणूनच या वर्गांत व्याख्यान कमी आणि चर्चा अधिक असते. एका काल्पनिक रुग्णाची हकिगत समोर ठेवून ‘यात आपले काम कोणते आणि पुढे कोणाला काय कळवावे?’ हे प्रत्येकाने सांगावयाचे असते. घरात कोणाला कळू नये म्हणून सून गोळ्यांची बाटली धान्याच्या डब्यात लपवते, हे समुपदेशकाकडून ऐकले की ‘रुग्ण औषध घेत नाही’ या शेऱ्याचा अर्थ डॉक्टरांना निराळा दिसू लागतो.

मात्र ‘कळवणे’ म्हणजे गवगवा नव्हे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीविना बाधिताची माहिती उघड करण्यास आणि त्याच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. उपचारासाठी आवश्यक तेवढेच आणि आवश्यक त्यालाच सांगावे, हा धडा सर्वांना सारखाच लागू आहे.

रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे की, सोबत जेवल्याने वा स्पर्शाने हा संसर्ग होत नाही. आपल्या माणसाला जवळ करावे आणि औषधाच्या वेळेची आठवण द्यावी. देणगीदारांनी दिलेल्या निधीतून या वर्गांत भिंत बांधली जात नाही की यंत्र येत नाही. परंतु रुग्ण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना त्याचा उपचार खंडित होऊ नये, यासाठी तो खर्ची पडतो.