घाटाचा आकडा चुकला की राज्य चुकतं
व्हिडिओ गेममध्ये इतिहासातलं राज्य उभं करायचं, तर सुरुवात मानपूरच्या घाटापासून करावी लागेल

माळव्यातल्या मांडूच्या सुलतानाचं राज्य संगणकाच्या खेळात उभं करायचं असेल, तर पहिला आकडा कुठला लिहावा? बहुतेक जण खजिन्याचा किंवा घोडदळाचा आकडा सुचवतील. माझं उत्तर वेगळं आहे. इंदूरहून मुंबईकडे जाणारा रस्ता मानपूर मागे टाकतो आणि विंध्याचा कडा उतरून निमाडात पोचतो. लादलेल्या बैलाला हा घाट चढायला किती वेळ लागतो, तो आकडा पहिला. तो नीट बसला की खजिना, लष्कर आणि राजधानी यांचे आकडे त्याच्यामागून येतात. तो चुकला तर पुढचं सगळं राज्य चुकतं.

ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम आता आपल्या घराघरांतली मुलं खेळतात. २०१३ मध्ये आलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी. त्या वेळी मांडूच्या गादीवर महमूद खलजी होता, आणि खेळाच्या नकाशावर माळवा स्वतंत्र राज्य म्हणून दिसतो. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात मराठ्यांची बाजू घेऊन लढता येतं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये जानेवारी २०२१ मध्ये सिसिलीचं राज्य दाखल झालं आणि पुढच्याच वर्षी भारतातल्या राजवटींसाठी स्वतंत्र भाग निघाला. ही राज्यं पडद्यावर देखणी दिसतात, पण त्यांच्या पोटात असतात ती समीकरणं. एका सुभ्याचं उत्पन्न किती, फौजेला तिथून पलीकडे जायला किती दिवस, बंडाची शक्यता किती, अशा शेकडो आकड्यांची ती गणिती प्रतिरूपं आहेत. प्रतिरूप म्हटलं की त्याला विज्ञानाचे नियम लागू झाले. ते बरोबर की चूक, हे तपासता आलं पाहिजे.

समुद्रावरचं राज्य

आधी सिसिली पाहू, कारण भूमध्य समुद्रातलं राज्य घडवताना कुठले आकडे मोलाचे ठरतात ते तिथे स्पष्ट दिसतं. नॉर्मन सरदारांनी १०६१ मध्ये मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडली आणि १०९१ पर्यंत अख्खं बेट घेतलं. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर आहे. ११३० च्या नाताळात दुसरा रॉजर पालेर्मोत राजा म्हणून अभिषिक्त झाला. त्याच्या दरबारात अरबी, ग्रीक आणि लॅटिन अशा तिन्ही भाषांतून कारभार चाले. त्याच दरबारात अल-इद्रिसी या भूगोलज्ञाने वर्षानुवर्षं प्रवाशांना आणि खलाशांना प्रश्न विचारून, त्यांच्या सांगण्यातला मेळ तपासून, ११५४ मध्ये ज्ञात जगाचा नकाशा पुरा केला. सत्तर तुकड्यांत विभागलेल्या या नकाशात दक्षिण दिशा वर होती. राज्य समजून घ्यायचं तर आधी अंतरं गोळा करावी लागतात, हे रॉजरला कळलं होतं.

भूमध्य समुद्रात अंतर मोजण्याची पद्धतच निराळी. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०१ मध्ये दरपत्रक काढलं. त्यातले वाहतुकीचे दर मांडून पाहिले, तर गाडीने माल नेण्याचा खर्च समुद्रमार्गाच्या पंचवीस पटींच्याही पुढे जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘ऑर्बिस’ नावाचं प्रतिरूप खुलं केलं. त्यात रोमन जगातली बंदरं, नद्या आणि रस्ते यांचं जाळं मांडलेलं आहे. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाहनाने, किती दिवसांत आणि किती खर्चात कुठे पोचता येईल, हे त्यातून काढता येतं. नकाशावर दूर दिसणारं बंदर खर्चाच्या हिशेबात शेजारी येतं आणि डोंगरापलीकडचं गाव दूर जातं. म्हणून सिसिलीचं राज्य रचणाऱ्याने समुद्राला राजरस्ता मानलं पाहिजे. सामुद्रधुनी दोन्ही तीरांवरून हाती ठेवणारा राजा तिथे बलवान होतो.

आपल्याकडची सामुद्रधुनी

आता हेच नियम उचलून माळव्यावर लावले तर काय होईल? खेळाचा नकाशा नर्मदेला निळी रेघ देईल आणि तिच्यावरून गलबतं चालवील. प्रत्यक्षात महेश्वरजवळच्या सहस्रधारेत नर्मदा बेसॉल्टच्या खडकांतून शेकडो धारांनी फुटते. अशी खडकाळ पात्रं असलेली नदी लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला उपयोगी पडत नाही. ती तारणारी आणि अडवणारी आहे. माळव्यातली खरी वाट जमिनीवरची, आणि त्या वाटेची सामुद्रधुनी म्हणजे घाट.

मानपूरजवळचा जानापाव डोंगर सुमारे ८५४ मीटर उंच. तिथे चंबळ उगम पावते, उत्तरेला जाते आणि यमुनेमार्गे गंगेला मिळते. दक्षिण उतारावरचं पाणी नर्मदेला मिळून खंभातच्या आखाताकडे जातं. या जलविभाजकाच्या उत्तरेला साधारण साडेपाचशे मीटर उंचीचं पठार आहे. दक्षिणेला, महेश्वरपाशी, नर्मदेचं पात्र दीडशे मीटरच्या आसपास. ही चारशे मीटरची पायरी थोड्याशा अंतरात उतरावी लागते. अगदी अलीकडेपर्यंत या रस्त्यावरचा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. डिझेल इंजिनाच्या काळात जो उतार एवढा जड जातो, तो बैलांच्या काळात राज्याची सीमा ठरवत असेल, यात नवल नाही.

उताराचं गणित अमेरिकन भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९९३ मध्ये एका सूत्रात बसवलं. त्यानुसार सपाटीवर माणूस ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो. शंभर मीटरला दहा मीटरचा चढ आला की वेग साडेतीनवर येतो. तेवढाच उतार असेल तर वेग पुन्हा पाच. म्हणजे एकाच वाटेचा जायचा आणि यायचा खर्च वेगळा. हे सूत्र पायी चालणाऱ्याचं आहे. लादलेल्या बैलासाठी चढाचा भार आणखी वाढवावा लागेल. खेळाच्या नकाशावर दोन शेजारी सुभ्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच धरलं, तर पठारावरून खाली झेपावणाऱ्या फौजेला मिळणारा फायदा हिशेबातून गळतो.

हे आकडे मिळाले की वाट संगणक शोधतो. एड्सखर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये जाळ्यातली सर्वांत स्वस्त वाट काढायची रीत सुचली. १९६८ मध्ये तिला वेग देणारी ‘ए स्टार’ ही रीत आली आणि आज बहुतेक खेळांतल्या फौजा तिच्याच आधाराने वाट काढतात. १९५६ मध्येच फोर्ड आणि फुल्करसन यांनी आणखी एक प्रश्न सोडवला. जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल वाहू शकतो, आणि कमीत कमी कुठल्या वाटा तोडल्या तर सगळा प्रवाह थांबतो? त्यांचं उत्तर असं की या दोन्ही गोष्टी एकच आहेत. सर्वांत कमी क्षमतेचा छेद हीच प्रवाहाची कमाल. माळवा आणि दख्खन यांच्या जाळ्यावर हा छेद काढायला बसलात, तर तो विंध्याच्या मोजक्या घाटांवरून जाणार. राजाला अख्खा डोंगर राखावा लागत नाही, एवढ्या वाटा राखल्या की पुरे.

चार महिने बंद राज्य

दुसरा आकडा ऋतूचा. माळव्याची काळी माती दख्खनच्या लाव्हातून आली आहे. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ओल धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीचा गहू येतो, आणि माळव्याची सुबत्ता त्या गव्हावर उभी आहे. पण तीच माती पावसाळ्यात चाकाला आणि खुराला धरते. चार महिने गाड्या थांबतात, तोफा रुततात. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत, त्यामागे धर्म आणि परंपरा जशा होत्या तशीच ही मातीही होती. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याजवळ माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, तो महिनाही कोरड्या वाटांचाच.

भूमध्य समुद्रात नेमकं उलट. रोमन लेखक व्हेजिटियस समुद्र बंद राहण्याचा काळ ११ नोव्हेंबर ते १० मार्च असा देतो. सिसिलीची गलबतं बंदरात विसावतात, तेव्हा माळव्याच्या वाटा गजबजलेल्या असतात. तिकडे जूनमध्ये खुल्या समुद्रावर मोहिमा रंगात येतात, तेव्हा इकडे छावण्या पडतात. म्हणून एकच दिनदर्शिका सगळ्या जगाला लावणारा खेळ दोन्ही राज्यांवर अन्याय करतो.

इथे बंजाऱ्यांचे तांडे विसरून चालणार नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करतो. हे बैल वाटेतल्या गवतावर चरत जात. त्यामुळे तांडा सावकाश चाले, पण धान्य आणि मीठ स्वस्तात दूरवर पोचे. रोमन गाडीचा दर माळव्याला जसाच्या तसा लावला तर हा व्यवहार अशक्य ठरतो. सूत्र जगभर एकच राहू शकतं, पण त्यात भरायचे आकडे त्या त्या मातीतून यावे लागतात.

एका जमिनीला अनेक धनी

तिसरी अडचण रंगाची. खेळात प्रत्येक सुभ्याला एक रंग असतो आणि एक रंग म्हणजे एक मालक. अठराव्या शतकातल्या माळव्यात हे चित्र टिकत नाही. चौथाई म्हणजे महसुलाचे २५ टक्के आणि सरदेशमुखी म्हणजे १० टक्के हे हक्क मराठे मोगल सुभ्यातही वसूल करत. बाळाजी बाजीराव पेशव्यांना १७४१ मध्ये माळव्याची नायब सुभेदारी मिळाली ती बादशहाच्या नावाने. होळकर, शिंदे आणि पवार यांचे परगणे एकमेकांत गुंतलेले. पुढे एकोणिसाव्या शतकात मानपूरचा छोटा परगणा शिंद्यांकडून ब्रिटिशांकडे गेला, आणि संस्थानांनी वेढलेलं एक ब्रिटिश बेट तयार झालं.

घाटावर तर आणखी एक सत्ता होती. विंध्याच्या वाटांवर भील आणि भिलाला नायकांचा रखवालीचा हक्क चाले. जॉन माल्कम यांच्या १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात जामनियाच्या नादिर सिंग या भिलाला नायकाची हकिकत येते. या डोंगररांगेत त्याचा मोठा दरारा होता. अशा नायकांना खेळाच्या नकाशावर जागा नसते. फार तर ‘लुटारू’ म्हणून ते वाट अडवताना दिसतात. पण ज्याच्या संमतीवाचून तांडा घाट चढत नाही, तो राज्याच्या समीकरणातला एक घटक असतो. यावर उपाय कठीण नाही. सुभ्याला एक मालक देण्याऐवजी हक्कांचा तक्ता द्यावा. महसूल कोणाकडे किती, जकात कोणाची, रखवाली कोणाची, हुकूम कोणाच्या नावाने. संगणकाला असा तक्ता सांभाळणं मुळीच जड नाही.

प्रतिरूपाची परीक्षा

आता कसोटी. उतार, माती, पाणी आणि ऋतू एवढेच आकडे प्रतिरूपाला द्यायचे आणि विचारायचं की ठाणी कुठे पडतील? उत्तर इतिहासाशी ताडून पाहायचं. होशंगशहाने पंधराव्या शतकात राजधानी धारहून मांडूला नेली. मांडू अगदी विंध्याच्या कड्यावर आहे, खाली निमाड दिसतं. नदी नसल्यामुळे तिथे पावसाचं पाणी साठवलं गेलं, आणि मुंज तलाव व कपूर तलाव यांच्या मधोमध जहाज महाल उभा राहिला. अहिल्याबाई होळकरांनी घाटाखाली महेश्वरला राजधानी केली. महू आणि महेश्वर यांच्यामधल्या घाटावरचा जाम दरवाजा त्यांच्याच काळातला. १८१८ च्या मंदसौर तहानंतर ब्रिटिशांनी छावणी घातली ती महूला, घाटमाथ्याजवळ. तीन वेगवेगळ्या राजवटी, तीन वेगळी शतकं, पण निवडलेला पट्टा एकच. आपल्या प्रतिरूपातही हा पट्टा उजळून निघाला, तर आकडे वास्तवाच्या जवळ आहेत असं म्हणता येईल. मांडूऐवजी भलतंच गाव वर आलं, तर काहीतरी निसटलं आहे. बहुधा पाणी, कधी ऋतू, कधी माणसांचा हक्क. चुकीचं उत्तरही असं कामाला येतं, कारण कुठला आकडा पुन्हा मोजायचा ते त्यातून कळतं.

भूगोल सगळं ठरवतो असा याचा अर्थ मुळीच नाही. घाटाने महेश्वरला जागा दिली. तिथे विणकर वसवून त्याची पेठ करण्याचा निर्णय एका राज्यकर्तीचा होता. चांगलं प्रतिरूप शक्यतांची मर्यादा आखतं आणि त्या मर्यादेत निवड करायला माणसाला मोकळं सोडतं. खेळाडूच्या हातात राज्य देण्यामागचा खरा अर्थही हाच आहे.

हे काम परदेशी कंपन्यांवर सोपवून थांबायचं कारण नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढून दाखवला. तो स्ट्रॅटेजी गेम नव्हे, पण इथली गोष्ट इथल्या माणसांनी सांगितली तर ती जगभर खेळली जाते, हे त्यातून दिसलं. इंदूर-महूच्या महाविद्यालयांत भूगोलाचे विद्यार्थी समोच्च रेषांचे नकाशे वाचतात, संगणकाचे विद्यार्थी डायक्स्ट्राची रीत शिकतात आणि इतिहासाचे विद्यार्थी मोडी कागद उलगडतात. हे तिघे एका टेबलाशी बसले, तर मानपूरपासून महेश्वरपर्यंतचा पट्टा एका वर्षात षटकोनांच्या नकाशावर उभा राहू शकतो. तो खेळ विकला जाईल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण तो घडवताना ते आपल्या पायाखालचा इतिहास मोजायला शिकतील, आणि दुसऱ्यांनी भरलेले आकडे तपासायलाही.