श्रद्धेवांचून नाताळ

इंग्लंडांत डिसेंबरच्या २५ तारखेस आगगाड्या जवळजवळ सर्व बंद असतात, लंडनची भुयारी रेल्वे चालत नाहीं आणि मोठ्या दुकानांना तर २००४ सालच्या एका स्वतंत्र कायद्यानेंच त्या दिवशीं दार उघडण्याची मनाई केली आहे. देवावर श्रद्धा असो वा नसो, हा दिवस तेथें कोणालाहि टाळतां येत नाहीं. त्याच देशांत २०२१ च्या शिरगणतीच्या वेळीं इंग्लंड व वेल्स मिळून शेंकडा ४६ लोकांनींच आपणांस ख्रिस्ती म्हणविलें. शेंकडा ३७ जणांनीं आपला कोणताच धर्म नाहीं असें लिहिलें. ह्या दुसऱ्या वर्गांतील पुष्कळ घरांतूनहि नाताळचें झाड उभें राहतें. ज्याचा जन्म साजरा करावयाचा त्याच्या देवत्वावर विश्वास नाहीं, आणि तरी मेणबत्त्या लावावयाच्या, हा प्रामाणिकपणा कीं दांभिकपणा? गणपतीच्या आरतीला हातांत झांजा घेऊन उभा राहणारा नास्तिक काका ज्यांच्या घरांत आहे, त्यांना हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये.

दांभिकपणाचा आरोप करणारा एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही कीं, हा सण पहिल्यापासून केवळ चर्चच्या मालकीचा आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेंच दिलेली नाहीं; २५ डिसेंबरला हा सण होत असल्याचा सर्वांत जुना निश्चित दाखला रोममधील असून तो इ. स. ३३६ चा आहे. नेमक्या ह्याच मुद्द्यावर इंग्लंडांतील प्यूरिटन पंथीयांनीं सणावर शस्त्र उगारलें. बायबलांत ज्याला आधार नाहीं आणि खाण्यापिण्याचाच ज्यांत सुकाळ, तो ईश्वराचा दिवस कसला, असें त्यांचें म्हणणें. १६४७ च्या जून महिन्यांत पार्लमेंटनें नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं कँटरबरी शहरांत दंगल उसळली आणि हुकूम पाळून दुकानें उघडणाऱ्यांचा माल रस्त्यावर फेकला गेला. १६६० सालीं राजसत्ता परत आली, तिच्याबरोबर सणहि आला. स्कॉटलंडांतील चर्च तर असें कडवें कीं, तेथें नाताळाला सार्वजनिक सुट्टी मिळावयास १९५८ साल उजाडावें लागलें. तेव्हां नाताळावर पहिला मोठा घाव घातला तो नास्तिकांनीं नव्हे, तर अतिशय धार्मिक माणसांनीं!

आज घरोघर दिसणारा नाताळ बहुतांशीं एकोणिसाव्या शतकानें घडविलेला आहे. कंजूष स्क्रूजची डिकन्सकृत कथा १८४३ सालीं प्रसिद्ध झाली. नाताळचें पहिलें छापील भेटपत्र हेन्री कोल यानें त्याच वर्षीं काढविलें. शृंगारलेलें झाड ही मूळ जर्मन चाल. १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणी, तिचे पति व मुलें अशा झाडाभोंवतीं उभीं असल्याचें चित्र एका सचित्र साप्ताहिकांत आलें आणि मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत झाडाचा प्रवेश झाला. डिकन्सच्या कथेंत उपासनेला जागा थोडी. कारकुनाच्या घरची मेजवानी, त्याचा आजारी मुलगा आणि गरिबांची आठवण यांना फार.

म्हणून झाड, भेटी आणि एकत्र जेवण यांपुरता श्रद्धाहीन माणसाला संकोच वाटण्याचें कारण उरत नाहीं. खरी अडचण गाण्यापाशीं येते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांत नाताळच्या आदल्या दिवशीं नऊ पाठ व कॅरोल गीतें यांची उपासना होते. पहिल्या महायुद्धांत सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेलेले एरिक मिल्नर-व्हाइट यांनीं ती १९१८ सालीं सुरू केली, आणि बी. बी. सी. १९२८ पासून, १९३० चा एक अपवाद सोडल्यास, ती दरवर्षीं ध्वनिक्षेपित करीत आली आहे. अंधारूं लागलेल्या दुपारीं एक लहान मुलगा साथीवांचून पहिलें कडवें उचलतो, आणि स्वयंपाकघरांत भाज्या चिरणारे हात थांबतात. ऐकण्याला हरकत कोण घेईल? परंतु तोंडानें म्हणावयाचें म्हटलें कीं शब्द आड येतात. कुमारीच्या पोटीं देव जन्मला हें ज्याला खरें वाटत नाहीं, त्यानें तें उंच स्वरानें म्हणावें काय? नास्तिकतेचे प्रसिद्ध पुरस्कर्ते रिचर्ड डॉकिन्स यांनीं २००७ सालीं, आपण संस्कृतीनें ख्रिस्ती आहों व कॅरोल आवडीनें गातों, असें सांगून टाकलें. हें उत्तर थोडें घाईचें वाटतें. अधिक विचार करण्याजोगें उदाहरण संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांचें आहे.

१८७२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ एका पाद्र्याचे चिरंजीव आणि चार्ल्स डार्विनच्या बहिणीचे नातू. तरुणपणीं ते निरीश्वरवादी होते, पुढें अज्ञेयवादाकडे वळले. श्रद्धावान् ख्रिस्ती ते कधींच नव्हते, असें त्यांच्या पत्नी अर्सुला यांनीं लिहून ठेवलें आहे. आणि १९०६ च्या इंग्लिश स्तोत्रसंग्रहाचें संगीतसंपादन केलें तें ह्यांनींच! विसाव्या शतकाच्या आरंभीं ते खेड्यापाड्यांतून हिंडले आणि शेतमजुरांच्या व म्हाताऱ्या गवयांच्या तोंडचीं गाणीं टिपून घेऊं लागले. तीं माणसें गेलीं कीं गाणींहि जाणार हें त्यांना दिसत होतें. १९०३ सालीं सरे परगण्यांतील फॉरेस्ट ग्रीन गांवीं मिळालेली एक चाल त्यांनीं बेथलेहेमवरील एका स्तोत्राला लावली. ती चाल चर्चमधली नव्हतीच. नांगर हाकणाऱ्या एका पोराच्या स्वप्नावरील लोकगीताची होती. १९२८ सालीं पर्सी डियरमर हे धर्मोपदेशक व मार्टिन शॉ यांच्यासमवेत त्यांनीं ऑक्सफर्डचा कॅरोलसंग्रह संपादिला.

धर्माचा अर्थ गाळून गाणें आपल्या मताच्या सोयीचें करण्याचा उद्योग मात्र त्यांनीं केला नाहीं. मेंढपाळ, गोठा, देवदूत हे सारे जागच्या जागीं राहिले. गाणाऱ्या म्हाताऱ्याची श्रद्धा हा त्या गाण्याचाच एक भाग आहे. ती आपलीच असल्याचें भासविणें वेगळें, आणि ती जपून पुढच्याच्या हातीं देणें वेगळें.

ह्याच भेदानें इतर बारीक प्रश्नहि सुटतात. घरच्या वृद्धांसोबत मध्यरात्रीच्या उपासनेस गेलेला अश्रद्ध मुलगा गाण्यासाठीं खुशाल उभा राहूं शकतो. पण प्रभुभोजनाची भाकर घेण्यास वेदीपाशीं जाणें ही श्रद्धेची कबुली होय. तेव्हां त्यानें जागेवर बसून राहावें. जन्मकथा विसरून नुसती खरेदीच उरली, ही श्रद्धावंतांची तक्रारहि उडवून लावण्यासारखी नाहीं. आणि लहान मूल ‘हें खरेंच घडलें का?’ असें विचारील, तर आजी तें खरें मानते, बाबा मानीत नाहींत, इतकें सरळ सांगावें. तेवढ्यानें त्याचा सण बुडत नाहीं.

१९५४ च्या सप्टेंबरांत वूस्टरच्या कॅथीड्रलांत व्हॉन विल्यम्स यांची ‘होदिए’ ही नाताळवरील मोठी रचना प्रथम सादर झाली. वाद्यवृंदाचें व गायकांचें संचालन वयाच्या ८१ व्या वर्षीं त्यांनीं स्वतः केलें. शुभवर्तमानांतील उतारे व मिल्टनच्या ओळी यांच्या शेजारीं तींत टॉमस हार्डीची १९१५ सालची ‘द ऑक्सन’ ही कविताहि आहे. नाताळच्या मध्यरात्रीं गोठ्यांतले बैल गुडघे टेकतात, अशी खेड्यांतली जुनी समजूत होती. हार्डीची श्रद्धा केव्हांच मावळली होती. तरीहि, कोणीं चल म्हटलें तर आपण अंधारांतून तो गोठा पाहावयास निघूं, असें त्या कवितेंत तो सांगतो.