दहा हजारांत घरभराची सहल

आपल्या घरांत वर्षभर प्रवास होत नाही असे नाही. मामेबहिणीचे लग्न असते, कुणाचा अकीका असतो, कुणाच्या मय्यतीला जायचे असते, दादीला मोठ्या दवाखान्यात दाखवायचे असते. तिकिटे निघतात, पिशव्या भरल्या जातात. पण सगळ्या घराने मिळून, कुठलेही काम नसताना, नवे काही पाहायला दोन-तीन दिवस जाणे फार थोड्या घरांत घडते. का, असे विचारले की उत्तर एकच मिळते, "परवडत नाही."

याचा परिणाम आम्हा शिक्षकांना वर्गात दिसतो. 'मी पाहिलेले ठिकाण' हा निबंध दिला की बरीच मुले पुस्तकातले वेरूळ नाही तर पुस्तकातला ताजमहाल उतरवून काढतात. ज्यांनी एखादा किल्ला, एखादा समुद्रकिनारा खरोखर पाहिलेला असतो, त्यांचे मराठी कच्चे असले तरी निबंध जिवंत असतो. घरातल्या बायकांचे तर विचारूच नका. कितीतरी अम्मी आणि खाला अशा आहेत, की माहेर, सासर आणि दवाखाना यांपलीकडे त्यांनी गाव पाहिलेले नाही.

महिना पंचवीस-तीस हजारांवर चालणाऱ्या घराला मोठी सहल परवडत नाही, हे खरेच आहे. पण छोटी सहल परवडते. अट एवढीच, की हिशोब सहलीच्या आधी व्हावा, नंतर नव्हे.

ही फिजूलखर्ची आहे का?

काही बुजुर्गांना वाटते, फिरणे म्हणजे उधळपट्टी. उधळपट्टी वाईटच. पण जमिनीवर फिरा, आपल्या आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी शिकवण कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हेही हदीसमध्ये आहे. घरच्यांबरोबर हसण्याखेळण्यात घालवलेला वेळ आपल्या दीनमध्ये वाया गेलेला मानलेला नाही.

मात्र क्रम पाळावा. आधी डोक्यावरचे कर्ज, मुलांची फी, जकात आणि नातेवाईकांचे हक्क. हजसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही. एवढे झाल्यावर जी बचत होते, तिच्यात सहलीचा वाटा ठरवायचा. वाटा छोटा असेल तर सहल छोटी. मुक्काम न करता सकाळी जाऊन रात्री परतलो, तरी ती सहलच.

उधारीची सहल नको

'आधी फिरा, मग हप्त्याने भरा' अशा जाहिराती आता मोबाइलवर रोज येतात. शेजारचे गोव्याला गेले, त्यांचे फोटो आले, की मुलेही मागे लागतात. समजा 40,000 रुपयांचे पॅकेज वर्षाला 18 टक्के व्याजाने बारा हप्त्यांत घेतले. दरमहा सुमारे 3,670 रुपये भरावे लागतील आणि वर्षअखेर जवळपास 4,000 रुपये नुसते व्याज गेलेले असेल. क्रेडिट कार्डची थकबाकी ठेवली तर व्याज याहून बरेच जड पडते. सूद हराम आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. शिवाय तीन दिवसांच्या मौजेसाठी वर्षभर हप्ता भरायचा, तर घरातली बरकत आणि शांतता दोन्ही जातात.

यावरचा उपाय आपल्या बायकांच्या हातात पूर्वीपासून आहे: भिशी. दहा जणींनी महिना 1,000 रुपये टाकले, तर प्रत्येकीला तिच्या नंबरच्या महिन्यात 10,000 रुपये मिळतात. जेवढे भरले तेवढेच परत, त्यात व्याज नाही. बोली लावून रक्कम कमी-जास्त करतात तसली भिशी मात्र टाळावी. भिशी सुरू होतानाच दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा नंबर मागून घ्यावा. मे महिना सहलीला वाईट, कारण ऊन असते आणि लगेच जूनमध्ये फी, वह्या, गणवेश येतात. रमजान आणि ईदचा खर्च कोणत्या महिन्यात येतो, हेही कॅलेंडर पाहून आधीच धरावे, कारण तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

10,000 रुपयांचा हिशोब

आता एक उदाहरण घेऊ. घर पाच माणसांचे: अब्बू, अम्मी, सत्तर वर्षांची दादी, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून त्यांना औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दोन रात्रींसाठी जायचे आहे.

एस.टी.चे पूर्ण तिकीट 200 रुपये धरू. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे अम्मी आणि मुलगी यांचे प्रत्येकी 100. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आहे, म्हणून दादीचे 100. (पंचाहत्तरी ओलांडली असेल तर राज्यात प्रवास मोफत.) पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे, म्हणजे मुलाचे 100. पाच जणांचे जाणे 600 रुपयांत झाले, तिथे पाच पूर्ण तिकिटांचे 1,000 झाले असते. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड मात्र जवळ हवे.

जाणे-येणे: 1,200 रुपये.
साध्या लॉजमध्ये कुटुंबाची एक मोठी खोली, दोन रात्री, 1,500 प्रमाणे: 3,000 रुपये.
तीन दिवसांचे जेवण-नाश्ता: 3,000 रुपये.
शहरातली रिक्षा आणि दुसऱ्या दिवसाची एस.टी.: 1,300 रुपये.
स्थळांची तिकिटे: 270 रुपये.
औषधे, पाणी, मुलांचा खाऊ, अडीअडचण: 1,230 रुपये.
एकूण: 10,000 रुपये.

स्थळांची तिकिटे इतकी कमी कशी? पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. भारतीय प्रौढांना बीबी का मकबरा आणि दौलताबादला 25 रुपये, वेरूळला 40 रुपये. तिघा मोठ्यांचे 75, 75 आणि 120. ऑनलाइन काढले तर याहून थोडे स्वस्त पडते.

खोलीचे आणि जेवणाचे भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतील, म्हणून आपले आकडे आपण घालावेत. शनिवार-रविवार सोडून गेले तर खोली स्वस्त मिळते, आणि फोनवर आधी भाव विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तीन दिवस कुठे जातील

पहिल्या दिवशी घरूनच डबा न्यावा. दुपारी पोहोचून थोडा आराम झाला, की पाणचक्की. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून इथपर्यंत आणले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहत येणाऱ्या प्रवाशांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी तिथे धान्य दळले जाई. विज्ञानाच्या पुस्तकातला ऊर्जेचा धडा मुलांना इथे पाच मिनिटांत कळतो. तिथून संध्याकाळी मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या कबरीवर तो बांधला आहे.

दुसरा दिवस महत्त्वाचा. दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळ ही तिन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर, बाकीची दोन वाटेत. वेगळी गाडी न करता एस.टी.ने उतरत-चढत जाता येते. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, तेवढा वार टाळावा.

ऊन चढण्याआधी दौलताबाद. यादवांची ही देवगिरी. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली. चौदाव्या शतकातला मोठा प्रवासी इब्ने बतूता इथे येऊन गेला आणि त्याने हे शहर आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले. चढण अवघड आहे. दादीला खाली चांद मिनाराजवळ सावलीत बसवावे, कुणीतरी आळीपाळीने तिच्याजवळ थांबावे आणि बाकीच्यांनी जमेल तेवढे चढावे.

जोहर आणि जेवण खुलदाबादला. इथे मोठमोठ्या सूफी बुजुर्गांच्या मजारी आहेत, आणि मलिक अंबरची कबरही. हबशी मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी गाव वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले, आणि त्या गावाला नहरीने पाणी दिले. परिस्थितीपुढे हात टेकणाऱ्या मुलांना ही गोष्ट कबरीजवळ उभे राहून सांगावी. दुपारनंतर वेरूळ. सगळ्या चौतीस लेण्या पाहण्याचा हट्ट नको. एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे सावकाश पाहिले तरी पुरे. आपल्या जमिनीवरच्या कारागिरांचे हे काम आहे आणि ते मुलांनी पाहायलाच हवे.

तिसऱ्या दिवशी बाजार, नान-खलिया आणि परतीची गाडी.

इतर भागांतल्या घरांनाही जवळ काही ना काही आहेच. सोलापूरकरांना विजापूरचा गोल घुमट आणि इब्राहिम रोजा, कोकणातल्यांना मुरूडचा जंजिरा (पावसाळ्यात होड्या बंद असतात), जळगाव-भुसावळकरांना रेल्वेने बुऱ्हाणपूर, जिथे 1631 मध्ये मुमताज महलचे निधन झाले. एस.टी.ची महिला सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, हे विजापूरला जाताना ध्यानात ठेवावे. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना वेगळी जागा घेतली नाही तरच अर्धे तिकीट बसते.

नातेवाईकांकडे उतरायचे असेल तर

खोलीचे पैसे वाचतात म्हणून आपण फूफीच्या किंवा चाचाच्या घरी उतरतो. चांगलेच आहे, नाते जुळते. पण त्यांचेही उत्पन्न आपल्याएवढेच आहे, हे विसरू नये. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे यजमानाला अडचणीत घालू नये, ही हदीसची शिकवण. आधी फोन करावा, जाताना तांदूळ, तेल, गोश्त किंवा फळे न्यावीत आणि एक वेळचे जेवण आपण बाहेरून आणावे. आणि पुढच्या सुट्टीत त्यांना आपल्याकडे बोलवावे.

अम्मीलाही सुट्टी

सहलीत स्टोव्ह न्यायचा, खोलीवर खिचडी टाकायची, कपडे धुवायचे, आणि हे सगळे अम्मीने करायचे. मग तिची सुट्टी कुठे गेली? पैसे वाचवायचेच असतील तर एक ठिकाण कमी करा, पण चूल सोबत नेऊ नका. पहिल्या दिवसाचा डबासुद्धा सगळ्यांनी मिळून बनवावा. दादीची औषधे मुलाकडे, पाण्याच्या बाटल्या अब्बूंकडे, खर्चाची वही मुलीकडे. रोज रात्री तिने हिशोब वाचून दाखवावा. किती उरले हे मुलांनी स्वतः मांडले की दुकानात ती हट्ट करत नाहीत. शाळेतल्या गणितापेक्षा हे गणित जास्त टिकते.

कुठे जायचे हेही मशवरा करून ठरवावे. दादीलाही विचारावे. आपल्याला कुणी विचारले, याचाच तिला आनंद असतो.

नमाजची अडचण सांगून काहीजण प्रवास टाळतात. उलट मुसाफिराला दीनने सवलत दिली आहे. हनफी मसलकानुसार साधारण 78 किलोमीटर किंवा त्याहून लांब जायचे असेल आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर चार रकातींच्या फर्जच्या दोन होतात. कोकणातल्या शाफई घरांत मुक्कामाची मुदत वेगळी धरतात आणि दोन नमाजा एकत्र करण्याचीही मुभा आहे. निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांकडून मुलांसमोरच हे समजून घ्यावे.

मुले दहावी-बारावीला गेली की क्लास सुरू होतात, मग नोकरी, मग मुली सासरी जातात. सगळे घर एकत्र निघू शकेल अशी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. दादीचे गुडघे आणखी किती साथ देतील, हे अल्लाहलाच ठाऊक. त्यामुळे 'पुढे कधीतरी' असे म्हणत बसू नये. येत्या एक तारखेला पगार किंवा मजुरी हातात आली, की त्यातले 1,000, जमत नसतील तर 500 रुपये वेगळ्या डब्यात टाका आणि डब्यावर गावाचे नाव मुलांच्या हातून लिहून घ्या. इन्शाअल्लाह, डबा भरायला वेळ लागेल, पण भरेल.